डावरा विळा

दिगंबर सर गेल्याची बातमी मला ऑर्डर म्हणून आली. आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावात बसस्टँडच्या रस्त्याला माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटन, निवडणूक, तेरवी, सगळं एकाच मशीनमधून निघतं. त्या सकाळी शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात मनोहरचा फोन आला. मनोहर माझ्या वर्गातला. आता मोबाइलचं दुकान चालवतो आणि माजी विद्यार्थ्यांचं जे काही असेल ते पुढं होऊन करतो. "फोटो टाकला पाय तुले," तो म्हणाला. "आठ बाय दहा कर. श्रद्धांजलीचा. चौकात लावाचा हाय." मी विचारलं, "कोण गेलं?" तो म्हणाला, "तुले मायती नाई? अबे, आपले ड्रॉइंगचे सर गेले ना पहाटे..."

फोटोत सर घरच्या खुर्चीत बसलेले होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डावीकडच्या खिशाला पेन, डाव्या मनगटावर घड्याळ. मागं भिंतीवर त्यांचं बक्षिसाचं चित्र. काळ्या शाईतला लाकडी छापा : सोयाबीनच्या वावरात वाकून सोंगणी करणारी बाई, उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत झाडांचा पुंजका, मागं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभूळ. पाठोपाठ मनोहरचा मेसेज आला, "मागचं चित्र कापू नको, इनामाचं हाय." मी ते चित्र कापणार नव्हतोच. ते चित्र माझं आहे आणि ती बाई माझी माय आहे.

सरांना जाऊन आता काही आठवडे झाले. शोकसभेत मी बोललो. लोकांना ते आवडलं, दोघातिघांनी डोळे पुसले. बोललो त्यात खोटं काही नव्हतं, पण ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. इथं लिहून टाकतो, कारण बोलायला उभा राहिलो की तोंडातून चांगलं तेवढंच निघतं.

आधी चांगलं सांगतो, ते सांगितल्याशिवाय वाईट समजायचं नाही. आमच्या शाळेत ड्रॉइंगचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी राहिलेला धडा पुरा करून घ्यायचा तास. दिगंबर सर मुंबईत चित्रकला शिकून आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो तास गणिताच्या सरांकडून अक्षरशः भांडून परत घेतला. त्यांच्याजवळ एक जाडजूड पुस्तक होतं. त्याला कव्हर नव्हतं, पाठीचे टाके सुटलेले होते, पानं नाड्यानं बांधलेली. मुंबईच्या फुटपाथवरून घेतलेलं. त्यात युरोपातल्या छापचित्रांचा पाचशे वर्षांचा संसार होता : लाकडात कोरलेली, तांब्याच्या पत्र्यावर खोदलेली, तेजाबानं खाल्लेली, दगडावर काढलेली चित्रं, सगळी काळीपांढरी. रंगाची पेटी घेणं ज्यांना जमत नव्हतं त्या आम्हा पोरांना पहिल्यांदा कळलं की एकट्या काळ्यातही चित्र होतं, आणि नुसतं होत नाही, अंगावर येतं.

चित्रकारांची नावं सर सांगत नसत. "नावं परीक्षेसाठी," म्हणायचे, "घरच्या माणसाले कोणी नावानं हाक मारते काय?" म्हणून त्यांनी सगळ्यांना नाती लावून टाकली होती. केसाएवढी रेघ कोरणारा सोनाराचा मुलगा तो जर्मन काका. एकाच पत्र्यावर पुन्हा पुन्हा काम करून दर छाप्याला चित्र आणखी अंधारात नेणारा तो डच दादा. तांब्यावर राळेची पूड भाजून त्यातून धुरासारख्या सावल्या काढणारे, आणि लढाईत माणसं माणसांचं काय करतात ते न घाबरता दाखवणारे स्पेनचे बहिरे मामा. लंडनचे एक भाऊजी होते. आपली चित्रं चोरून छापणाऱ्यांना ते इतके वैतागले की त्यांनी सरकारकडून कायदाच करून घेतला, आणि कायदा होईपर्यंत तयार चित्रं विकायला काढली नाहीत. आणि सरांचे सगळ्यात लाडके, इंग्लंडच्या उत्तरेकडचे एक खेडवळ आजोबा. ते फळीवर कोरत नसत, खोडाच्या आडव्या कापावर कोरत, चित्र काडेपेटीएवढं. त्यात पक्षी, पावसात भिजलेली म्हातारी, आणि एका चित्रात चक्क भिंतीआड लघवीला उभा राहिलेला शेतकरी. "हा आपल्या आसेगावचा वाटते का नाई?" सर विचारायचे, आणि आसेगावचं जे पोरगं वर्गात असेल त्याची वर्षभर सुटका नसे.

बंद पडलेल्या एका रसवंतीचा चरखा त्यांनी उचलून आणला, त्याचे रूळ लेथवर गुळगुळीत करून घेतले, खाली लोखंडी पाट बसवला, वर घोंगडीचा तुकडा. हे आमचं छापखान्याचं यंत्र. उन्हाळ्यात सरांच्या घरी त्या खोलीत गेलं की शाईच्या वासातून उसाचा वास यायचा, किंवा आम्हाला तसं वाटायचं. सरांची नखं कायम काळी. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, त्यांना म्हणायच्या, "तुमी भाकर मोडली का मले वाट्टे तव्यावरच जळाली." सर हसून हात लपवत.

भिंतीला एक छोटा दाढीचा आरसा अडकवलेला होता. छापचित्रात सगळं उलटं येतं. लाकडी ठोकळ्यावर जे डावीकडं कोराल ते कागदावर उजवीकडं उमटतं, अक्षरं तर उलटीच कोरावी लागतात. म्हणून कोरताना सारखं आरशात पाहायचं. कोणाचंही चित्र आधी आरशात बघायची सरांना सवयच होती. पुढं ते माझ्या दुकानात यायचे तेव्हासुद्धा फ्लेक्सकडं पाहून खिशात हात घालायचे, आरसा जवळ नाही म्हणून परत काढायचे.

आणि तो तास. सर जुन्या नकलांबद्दल सांगत होते. जर्मन काकांची चित्रं इटलीतल्या एकानं हुबेहूब कोरून विकायला काढली, खाली काकांची सहीसुद्धा जशीच्या तशी. काका भांडायला गेले म्हणे व्हेनिसपर्यंत. निकाल काय लागला? चित्राची नक्कल चालेल, सही तेवढी वापरू नका. सगळे हसले. मग सर म्हणाले, "नक्कल ओळखाची कशी सांगू? नक्कल करणारा घाईत असते. समोरचा छापा पाहून जसाच्या तसा कोरते, अन् छापलं का उलटं. सैनिकाची तलवार भलत्या कमरेले, पादरी आशीर्वाद देते तो डाव्या हातानं. डावखुरा माणूस दिसला का समजाचं, नक्कल हाय."

मी उठून उभा राहिलो. मी सहसा वर्गात बोलत नसे, आजही कमीच बोलतो. "सर, माही माय डावरी हाय."

वर्ग हशानं फुटला. "मंग भास्करची माय नक्कल हाय," मागून मनोहर म्हणाला. सरांनी त्याला खाली बसवलं, पण हसू त्यांनाही आवरलं नव्हतं. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "तिचं चित्र काढ तू. पण दोनदा उलटा विचार करावा लागन. ठोकळ्यावर तिले उजवी कोर, तवा ती कागदावर डावरी येईन. जमते काय पाय."

मायचं डावरेपण आमच्या घरात गमतीचं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा आजीनं तिचा डावा हात पदराला बांधून तिला वाढायला लावलं होतं. हळदीकुंकवाला तिला मागं उभं करायचे, पेरणीची पहिली मूठ तिला टाकू द्यायचे नाहीत. ती कोणाला उलटून बोलली नाही. फक्त एक केलं : लोहाराकडं बसून स्वतःसाठी विळा करून घेतला. साध्या विळ्याला धार एका अंगानं असते, उजव्या हाताच्या बेतानं. तिनं ती दुसऱ्या अंगानं काढायला लावली. तो विळा गावात कोणी उसना नेत नसे, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात तो चालतच नव्हता. "माहा इळा माह्यापाशीच राह्यते," म्हणायची, आणि हे सांगताना तिच्या तोंडावर जे यायचं ते मला चित्रात पाहिजे होतं.

बारावीनंतरच्या सोंगणीत मी ते चित्र केलं. सागाच्या फळीवर. तिला सांगितलं नव्हतं, धुऱ्यावर बसून काढत होतो. ती म्हणाली, "बसून राह्यला नुसता, चार काकरं तरी सोंग." पहिला छापा सरांच्या चरख्यातून निघाला तेव्हा सरांनी तो उजेडाकडं धरला. आरसा काढला, त्यात पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "हात आहे तुला," म्हणाले. सर माझ्याशी एरवी वऱ्हाडी बोलत. गंभीर झाले की भाषा बदलायची. मुंबईच्या एका प्रदर्शनाला आपण हे पाठवू, निवड झाली तर तुझ्या चित्रकलेच्या कॉलेजच्या प्रवेशाला जोर येईल, मी स्वतः सोबत येईन, असं सगळं त्यांनीच ठरवलं. चांगला छापा एकच निघाला होता. माझ्याजवळचा कागद तेवढाच होता. तो मी त्यांच्या हातात दिला.

महिने गेले. मग एक दिवस ते सायकलवरून घरी आले, अंगणात उभ्याउभ्याच म्हणाले, "नाही रे लागलं. अजून हात बसायचा आहे तुझा." छापा? तो परत आला नाही, टपालात गहाळ झाला असेल. मायनं त्यांना चहा दिला. तो अर्धा ठेवून ते गेले. तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी त्यांना वाईट वाटतंय.

मी कॉलेजला गेलो नाही. कोणी अडवलं नव्हतं, माझ्याच मनातून उतरलं. ज्या माणसानं जर्मन काका आणि डच दादा दाखवले तो म्हणतो हात बसायचा आहे, तर बसायचाच असेल. मी पाट्या रंगवायला लागलो. पहिलं काम एका किराणा दुकानाची पाटी. चांगली सागाची फळी घरात होतीच. रंधा मारला, मायचं चित्र भुशात गेलं, आणि त्यावर पिवळ्या रंगात दुकानाचं नाव लिहिलं. हेही माझ्याच हातानं झालं, हे विसरून चालणार नाही.

पुढच्या वर्षी शाळेत सरांचा सत्कार ठरला. मुंबईच्या प्रदर्शनात मोठं बक्षीस मिळालं होतं. कापडी बॅनर मीच रंगवला, "हार्दिक अभिनंदन", आणि मनापासून रंगवला. मायही आली, सरांचा सत्कार म्हणून नवं लुगडं नेसून. बक्षिसाचं चित्र टेबलावर झाकून ठेवलेलं होतं. पाहुण्यांनी कापड ओढलं... आणि मला आधी आनंदच झाला. वाटलं, सापडलं माझं चित्र. मग दिसलं की विळा उजव्या हातात आहे.

माझ्या शेजारी माय मान तिरकी करून बघत होती. "वावर तं आपलंच दिसते," ती हळू म्हणाली. "पन बाभूय त्या अंगाले कशी गेली? अन् बाई कोन हाय ते?"

"कोणी असन," मी म्हणालो.

"चांगली हाय. उजवी हाय."

खाली सरांचं नाव सुबक अक्षरात छापलेलं होतं. तेवढं नाव त्यांनी नीट उलटं कोरलं होतं, म्हणून ते सुलटं आलं होतं. मी स्टेजकडं पाहिलं. सर पाहुण्यांशी बोलत होते, मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि सरकली नाही. जितका वेळ मी पाहत होतो तितका वेळ तेही पाहत होते. त्या नजरेत विनवणी होती का ताकीद, मला अजून ठरवता आलेलं नाही. व्हेनिसचा तो निकाल त्यांनी मात्र तंतोतंत पाळला होता. माझं चित्र घेतलं, सही घेतली नाही.

ज्यानं नक्कल ओळखायला शिकवलं त्याचीच नक्कल मी त्याच शिकवणीनं ओळखली. सरांसारखा माणूस चित्र फिरवायला विसरला कसा, यावर मी वर्षानुवर्षं डोकं घातलं आहे. एक मन म्हणतं, मुद्दाम सोडलं. मला तरी कळावं म्हणून खूण ठेवली. हे मन मला आवडतं. पण मी त्यांना ओळखत होतो. प्रदर्शनाची शेवटची तारीख आली असणार, त्यांच्या स्वतःच्या ठोकळ्यात जीव येत नसणार. मुंबईहून परतल्यापासून दरवर्षी चित्र पाठवत होते आणि दरवर्षी परत येत होतं. समोर माझा छापा पडलेला. घाईत असतो माणूस... त्यांनीच सांगितलं होतं.

मी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. माझ्या लग्नात ते आले, दुकानाचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते केलं, फीत मी धरली आणि त्यांनी कापली. लोक म्हणायचे, गुरुशिष्य असावे तर असे. मी मान डोलवायचो. माय वारली तेव्हा सर स्मशानापर्यंत आले आणि दूर उभे राहिले. चित्र चोरलं याचा राग माझा केव्हाच निवला असता, तेवढं पोट मोठं आहे माझं. निवलं नाही ते एक वाक्य : अजून हात बसायचा आहे तुझा. माझ्याच हाताचं बक्षीस ज्याला खुणावत होतं त्यानं अंगणात उभं राहून मला हे सांगितलं, आणि मी ते पंचवीस-तीस वर्षं खरं मानून जगलो. सत्कारानंतरही. चोरी कळली तरी ते वाक्य खोटं आहे हे माझ्या हाताला कोणी सांगितलं नाही.

दोन दिवाळ्यांमागं ते दुकानात आले होते, आधारकार्ड लॅमिनेट करायला. वाकले होते, आवाज बारीक झाला होता. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "भास्कर, घरी ये रे एकदा. तुझं काहीतरी आहे माझ्याकडं." मी म्हणालो, "येतो सर." मी गेलो नाही. त्यांना सांगायचं होतं हे मला समजलं होतं. त्यांचं ओझं उतरवायला मी जावं, हे मला मान्य नव्हतं. त्यांना बोलू न देणं हीच माझ्याजवळ उरलेली एक वस्तू होती आणि ती मी शेवटपर्यंत हातात धरून ठेवली.

आता फ्लेक्सचं सांगतो. त्या सकाळी फोटो स्क्रीनवर उघडा होता आणि मला ते बटण दिसलं. चित्र आडवं फिरवायचं बटण, आमच्या धंद्यात दिवसातून दहादा दाबतो. दाबलं. मायच्या डाव्या हातात विळा आला, बाभूळ आपल्या धुऱ्यावर गेली. आणि सरांचं घड्याळ उजव्या मनगटावर, खिसा उजवीकडं, भांग भलतीकडं. वर "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकलं, खाली "समस्त माजी विद्यार्थी" आणि तसंच छापलं. मालेगावच्या चौकात सर तेरवीपर्यंत उलटे बसलेले होते. चूक नव्हती ती. मी केलं. येताजाता मी त्याच्याकडं बघायचो आणि मला बरं वाटायचं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटायचं. कोणाला काही कळलं नाही. मनोहर म्हणाला, "मस्त आला बे फोटो, जिता माणूस वाट्टे."

तेरवी झाल्यावर काकूंनी बोलावणं पाठवलं. मी गेलो तर त्या ओसरीत सोयाबीन निवडत होत्या. बस म्हणाल्या, पाणी दिलं. मग सूप बाजूला ठेवून विचारलं, "चौकातल्या फोटोत यायचा खिसा उजवीकडं कसा गेला रे?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"शर्ट मी शिवेल होता. खिसा कुठी लावला ते मले मायती नसन काय?"

"चूक झाली काकू."

"तुही चूक नाई होत," त्या म्हणाल्या. रागानं नाही. "तुले त्यायनं काही सांगतलं होतं काय?"

"नाही. बोलावलं होतं. मीच आलो नाही."

त्यांनी मान हलवली. सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "मलेही काही नाई सांगतलं. पन तुही माय गेली ना, तवा मसनातून आले अन् आंग न धुता माळ्यावरून एक ठोकळा काढला. पुसला. पुन्हा ठेवून देल्ला. मी म्हनलं, कायचा हाय? तं म्हने, भास्करच्या मायचा." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "म्या त्यायले ओळखून होती. त्या इनामाच्या नंतर सोताचं एक काम केलं नाई त्यायनं. पोरायले शिकवलं तेवढंच. मले वाटे, आंगात आळस भरला..."

तिथं बसल्या बसल्या मला दुसऱ्यांदा फसवल्यासारखं झालं. बाहेर त्यांचं चित्र, घरात भास्करच्या मायचा ठोकळा. घरातल्या एका माणसाजवळ, तेही मी नसताना, त्यांनी खरं बोलून घेतलं होतं. त्यांनी पुढं कोरलं नाही याचं मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला एवढंच वाटलं, की एका चोरीत दोघांचे हात गेले.

"घेऊन जा," काकू म्हणाल्या. "चरखाही नेजो. मले त्याच्यात कोनता ऊस पियाचा हाय?"

सरांच्या खोलीत घोंगडीचा तुकडा होता, सुकलेले शाईचे डबे, खिळ्याला तो आरसा. ठोकळा माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेला. उजेडात आणला आणि मी तसाच उभा राहिलो. ठोकळ्यावर माय डावरी होती. असणारच. माझा छापा त्यांनी फळीवर सरळ चिकटवला होता आणि त्याच्यावरूनच कोरलं होतं. कोपऱ्यात, जिथं हत्यार गेलं नाही तिथं, माझ्या कागदाची एक पिवळी कपची अजून चिकटलेली होती. टपालात गहाळ झालेला छापा तो. माझा ठोकळा मी रंध्यानं उडवला, माझा छापा त्यांनी कोरून संपवला. मायचा एक धड फोटोही आमच्या घरात नाही. ज्यानं तिला नेलं होतं, त्याच्याकडंच ती राहिली होती. हातात विळा, डाव्या, आणि तोंडावर ते, माहा इळा माह्यापाशीच राह्यते. चोरानं तेही सोडलं नव्हतं, रेघ अन् रेघ उचलली होती.

चरखा मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसवला. कितीतरी वर्षांनी शाई लावली. पण साधा छापा काढला तर माय पुन्हा उजवी होणार, पुन्हा कोणाचीही होणार. मग डच दादा आठवले. सर सांगायचे, दादांना पत्र्यावर दुरुस्ती करायची असली की ते ओला छापा घेत, त्यावर दुसरा कोरा कागद ठेवत आणि पुन्हा यंत्रातून काढत. दुसऱ्या कागदावर चित्र फिकट येतं, पण ठोकळ्यावर जसं आहे तसं येतं. सरांचा शब्द होता, उलटछाप. मी तसंच केलं. पहिला छापा निघाला, उजवी बाई, खाली सरांचं नाव ठळक. तो ओला असतानाच वर कागद ठेवला, घोंगडी टाकली, चरखा फिरवला. वरचा कागद सोलला. धुक्यातल्यासारखी करडी, पण डाव्या हातात विळा घेतलेली माझी माय. बाभूळ आपल्या जागी. आणि खाली सरांचं नाव, उलटं.

तो कागद मी गल्ल्यामागं लावला आहे, सरांचा आरसाही शेजारच्या खिळ्याला. परवा काकू दुकानात आल्या, रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला. झेरॉक्स निघेपर्यंत त्या भिंतीवरच्या कागदाकडं पाहत राहिल्या.

"यायचं नाव उलटं काहून?"

"दोन्ही एका वेळी सुलटी येत नाहीत, काकू. नाव सुलटं केलं तर माय उजवी होते."

त्या पुढं झाल्या. आरसा खिळ्यावरून काढला, पदरानं पुसला, कागदासमोर धरला आणि ओठ हलवत नवऱ्याचं नाव वाचलं. सावकाश, एकेक अक्षर. मी झेरॉक्स मशीनकडं तोंड करून उभा राहिलो. आरशात या घडीला माय कोणत्या हाताची झाली असेल ते मला माहीत होतं. त्यांचं वाचून होईपर्यंत मी तिकडं पाहिलं नाही.